साहेबाला काय सांगितलं?

मुलांनो, तुम्ही पाठवलेला सिनेमा मी पाहिला, पण एकटीने नाही. आपल्या शहापूरच्या घरात वरच्या खोलीत एक भाडेकरू राहतो, किन्हवलीकडचा. बायको दोन वर्षांपूर्वी आजाराने गेली. आता तो आणि त्याची दुसरीतली मुलगी. तो हायवेवरच्या गोदामात कामाला जातो. शाळा सुटली की मुलगी माझ्याकडे असते. सिनेमातही एकटा बाप, त्याची मुलगी आणि ऑफिसातली कटकट, म्हणून रविवारी दुपारी त्याला मुद्दाम बोलावलं. त्याला भरून येईल या हिशेबाने रुमालही जवळ ठेवला होता.

तो मात्र परीक्षकासारखा बसला. इंग्रजी संवाद मी मराठीत सांगत होते.

"बाई, हिची वेणी कोण घालतं?"

"दाखवलं नाही."

"मग हा येळेवर पोचतो कसा?"

इतकी वर्षं शाळेत शिकवलं, पण हा प्रश्न मला सुचला नसता.

पुढे साहेब त्या बापाला उशिराचं कारण विचारतो. तो म्हणतो, रस्त्यात गाड्या तुंबल्या होत्या. इथे भाडेकरूने सिनेमा थांबवायला लावला.

"खोटं ना? मी पन बस चुकली सांगतो."

बस चुकते हे खरंच. का चुकते ते तो गोदामात सांगत नव्हता. शाळेला दोन वेण्या लागतात. एक वर, एक खाली होते, मग सोडून पुन्हा. सुपरवायझरने बजावलं होतं: आणखी एकदा उशीर झाला तर येऊ नकोस.

"वेण्या मी घालते," मी म्हटलं.

"नको बाई. सकाळी पन तुमच्याकडंच आली तर मला कधी जमायचंच नाय."

"मग खरं सांग."

"गोदामातली पोरं हसतील."

सिनेमातल्या बापाने शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. भाडेकरू वैतागून उठला. "मग पिक्चर काढला कशाला?"

सोमवारी संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने अंगणातच होते.

"काय रे, सांगितलंस?"

"सांगितलं. आधी हसला. मंग म्हनला, महिनाभर अर्धा तास उशिरा ये, संध्याकाळी तेवढा जास्त थांब. तवर शीक."

"आणि पोरं?"

"म्हनतात, वेणीवाले, आमची पन घाला."

आता संध्याकाळी मुलगी अर्धा तास जास्त माझ्याकडे असते. काल मी तिला विचारलं, वेणी घालताना बाबा काय बोलतात?

"काय नाय. पेड मोजतात. मी हलायचं नाय."