दिवसाची कडी

लग्नाची हळद अजून नखांत होती तेव्हा आम्ही नगरला भाड्याच्या खोलीत राहायला आलो. ह्यांना एमआयडीसीत पाळीचं काम. एक खोली, एक मोरी आणि एक दार. त्या एका दारानं माझा किती जीव खाल्ला ते सांगते.

आमच्या तिसगावाकडं नव्या सुनेनं दिवसा कडी लावायची नसते. रात्री ठीक. दिवसा लावलेली दिसली की बायका एकमेकींकडं बघून हसतात. घरात आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी, मी त्यांना आत्या म्हणते, मला बजावलं होतं, "दार नुसतं लोटून ठिवायचं. दिवसाढवळ्या कडी न्हाई लावायची. लोक काय म्हनत्याल?" नगरात आम्हाला ओळखणारं चिटपाखरू नव्हतं, तरी मी दार लोटूनच बसायचे.

घरमालक वरच्या मजल्यावर राहायचा. साठीचा, कपाळाला गंध, बोलणं गोड. पहिल्यांदा आला तो नळ गळतो का बघायला. मी कणीक मळत होते. दार वाजवणं नाही, हाक नाही, थेट आत. "काय सूनबाई, बरं चाललंय ना?" सूनबाई म्हटल्यावर संपलंच! पदर सावरला, चहा टाकला. बापाच्या वयाचा माणूस, असं स्वतःला समजावलं. मग तो मीटर बघायला आला, मग पंखा बघायला, आणि पुढं पुढं काहीच बघायला नाही, नुसताच. हे कामावर गेले की जिन्यात चपला वाजायच्या आणि मी हातातलं काम टाकून पदर सावरायचे.

एकदा मोरीतून न्हाऊन, केस पुसत बाहेर आले तर हा खाटेवर बसलेला. "दार उघडंच होतं," म्हणाला, हसून. ओरडायचं सोडून मी ओले केस पदराखाली झाकले. आणि मेली मी, तेव्हासुद्धा चहाच टाकला!

ह्यांना सांगितलं तर ह्यांचाच चेहरा उतरला. "अगं, घर त्यांचं हाय. काय बोलायचं? उद्या काढलं भाईर तर खोली कुठं बघायची?" असा संताप आला मला! पण ह्यांचा आवाज कापत होता, मग मी ताट वाढायला घेतलं.

शेवटी भाजीला जाते म्हणून निघाले आणि कोर्टात गेले. तिथं बायकांना फुकट सल्ला देतात असं ऐकलं होतं. वकीलबाई समोर बसल्या आणि माझा धीरच खचला. म्हटलं, "माझ्या एका मैत्रिणीचं विचारायचं होतं." त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "घर त्याचं असलं तरी करार आहे तोवर तिथं राहायचा हक्क तुमच्या मैत्रिणीचा. न विचारता आत यायचं नाही. ऐकत नसेल तर पोलिसात तक्रार देता येते." मग माझ्याकडं बघून विचारलं, "मैत्रीण आतून कडी लावत नाही का?"

"न्हाई," मी म्हटलं.

"का?"

काय सांगणार, कपाळ! तशीच उठले.

घरी येऊन कडीला हात घातला. अर्धी सरकवली, आणि गावच्या बायकांची तोंडं डोळ्यांपुढं आली. परत मागं घेतली. कायदा कळला होता, पण हात ऐकत नव्हता. पुढचे कित्येक दिवस मी मोरीत जायलाही भ्यायचे.

मग आत्या आल्या, बाजरीचं पीठ घेऊन. दुपारी जेवून खाटेपलीकडं खाली सतरंजीवर आडव्या झाल्या. हे कामावर. चपला वाजल्या, दार ढकललं गेलं. "काय सूनबाई, आज पण एकटीच?" आणि हा माणूस खाटेवर टेकायला निघाला.

"एकटी न्हाई," खालून आवाज आला. आत्या उठून बसल्या होत्या. मालक चपापला, पंख्याचं काहीतरी पुटपुटला आणि सटकला.

मला वाटलं, आता बोल मलाच लागणार. तू काय केलंस म्हणून आला, असं विचारणार. आत्यांनी विचारलं, "कवापासनं येतोय?" मी सगळं सांगितलं. रडत, अडखळत. आत्या उठल्या, दारापाशी गेल्या आणि भर दुपारी खाडकन कडी लावली.

दुसऱ्या दिवशी परत चपला. ढकललं, उघडेना. मग जन्मात पहिल्यांदा त्यानं दार वाजवलं.

"कोन हाय?" आत्या ओरडल्या.

"मालक."

"काय काम आसंल ते भाईरूनच सांगा."

काम काही नव्हतं. चपला जिन्यानं वर गेल्या. मी आत्यांचा हात धरला, तर तो थरथरत होता.

"आत्या, तुमी कशाला भेता?"

त्या कडीकडंच बघत होत्या. "माझ्या येळंला मला कुनी सांगितलंच न्हाई गं," त्या म्हणाल्या, "लावली तर चालती म्हून."