आठ दिवसांची रजा आणि गणेश गल्लीचा व्हॉल्व्ह

आमच्या पाणीपुरवठा खात्यात पाणी कधी पुरेसं साठलं नाही, किस्से मात्र साठत गेले. टपरीवर चहा पिताना एकाने सुरू केला की दुसऱ्याला आपला आठवतो, आणि शेवटी सगळे माझ्याकडे वळतात. "नाना, तुमचा रजेनंतरचा पहिला दिवस सांगा." तो दिवस म्हणजे एक किस्सा नाही, माळच आहे. ऐकणारे हसतात. मला मात्र सांगताना अजून घशाला कोरड पडते.

आधी ओळख करून देतो. धुळे जिल्ह्यातल्या एका लहान शहरात मी व्हॉल्व्हमन आहे. शहराचं नाव सांगत नाही, उगाच कशाला. आमच्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी येतं आणि ते कोणत्या गल्लीला कधी जायचं हे रस्त्याखालचे व्हॉल्व्ह ठरवतात. ते कुठे आहेत, कोणता किती आटे फिरवायचा, हे सगळं बावीस वर्षं माझ्या डोक्यात. कुठे लिहून ठेवावं असं कधी वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्यात थोडा माज होता.

त्या वर्षी मे महिन्यात बायको म्हणाली, "जन्मभर लोकांना पाणी सोडलंत, आता मला समुद्र दाखवा." आठ दिवसांची रजा टाकली आणि हरिहरेश्वर गाठलं. माझा फोन तिने स्वतःच्या पर्समध्ये ठेवला आणि चेन लावून टाकली. माझ्या जागी आमच्या खात्यातला भिका होता. स्वभावाने गरीब माणूस, फक्त डावं-उजवं पटकन कळत नाही.

*

बुधवारी पहाटे धुळ्याहून पहिल्या एसटीने परत आलो. घराच्या कोपऱ्यावर वळलो आणि पाय थांबले. आमच्या ओट्यावर दहा-बारा बायका बसलेल्या. कोणी बोलत नव्हतं.

बॅग खाली ठेवून मी हळूच विचारलं, "कोण गेलं?"

त्यातली एक म्हणाली, "पानी."

बायको मागच्या मागे पर्स घेऊन घरात शिरली. मी चहासुद्धा न घेता ऑफिसला पळालो.

*

ऑफिसात आमचे नवे इंजिनियर साहेब डोकं धरून बसले होते. सांगलीकडचे, वय सत्तावीस, रुजू होऊन दोन महिने झालेले. समोर तक्रारींची वही, आणि भिंतीला टेकून भिका.

"नाना, मी काहीच करं नही," भिका मला बघताच म्हणाला.

त्याने काय केलं होतं ते वहीतच होतं. आमचा स्टेशन रोडचा व्हॉल्व्ह उलट्या आट्याचा आहे, बाकीचे बंद होतात तसा तो उघडतो. भिकाने तो घट्ट बंद केला, म्हणजे पूर्ण उघडला, आणि बाजारपेठ कोरडी ठेवून सगळं पाणी एका कॉलनीला तीन दिवस सलग चालू राहिलं. लोकांनी गाड्या धुतल्या, मग घरं धुतली, मग धुवायला काही उरलं नाही. त्या कॉलनीतल्या एका निवृत्त मास्तरांनी लेखी अर्ज दिला होता. "नळ रात्रंदिवस वाहत असल्यामुळे झोप होत नाही, तरी पाणी बंद करण्याची कृपा करावी."

साहेबांनी तो अर्ज वेगळा काढून ठेवला होता. "नाना," ते म्हणाले, "हा पुढच्या बदलीला सोबत नेणार आहे. कोणी विश्वास ठेवणार नाही."

मी हसलो नाही, कारण वहीच्या पुढच्या पानावर गणेश गल्ली लिहिलेली होती. आठ दिवस थेंब नाही. खाली अंगठ्याएवढ्या अक्षरात सही : लताअक्का.

*

लताअक्का म्हणजे गणेश गल्लीतलं शेवटचं घर. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. उन्हाळ्यात दोन महिने कुरडया करायच्या, जळगाव-धुळ्यापर्यंत विकायच्या आणि त्यावर वर्ष काढायचं, असं त्यांचं चाललेलं.

ज्यांनी कुरडया फक्त खाल्ल्या आहेत त्यांच्यासाठी सांगतो. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी तो धुऊन वाटायचा आणि चीक काढायचा. त्या दिवशी पाणी लागतं ते धो धो लागतं. नाही मिळालं तर मे महिन्याच्या उन्हात गहू संध्याकाळपर्यंत आंबतो आणि उकिरड्यावर टाकावा लागतो.

मी गल्लीत पोचलो तेव्हा अक्का दारातच होत्या. मागे ओळीने पातेली, टिपं, घंगाळं, सगळ्यांत गहू फुगलेला.

"बठ्ठा गहू भिजाडेल शे, नाना," त्या म्हणाल्या. "आज तिसरा दिन."

"अक्का, पाणी नसताना भिजवला कशाला?"

"भिकानी सांगं, नाना बुधवारले येतस. तुमना वार देखीसन भिजाडा."

दोन दिवस पाणी बदललं होतं ते पिंपातलं प्यायचं पाणी. आता पिंपही रिकामं. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी समुद्रात पाय सोडून बसलो होतो तेव्हा ही बाई माझ्या भरवशावर वर्षाचा गहू भिजवत होती, याची मला इतकी लाज वाटली की वर बघवेना.

*

मी चावी आणायला वळलो. चावी म्हणजे व्हॉल्व्ह फिरवायची छातीएवढी उंच, टीच्या आकाराची लोखंडी दांडी. ती ऑफिसात नव्हती.

बाजारपेठ कोरडी पडल्यावर तिथल्या एका शेठजींनी ती भिकाच्या हातातून काढून घेतली होती. भांडणाने नाही, अगदी चहा पाजून. दुकानात गेलो तर ते दर्शनाला गेलेले, यायला साडेदहा. माझ्या पाठोपाठ साहेबही आले. शेठजी आले, गादीवर बसले, पाणी प्यायले. साहेबांनी ओळखपत्र काढून समोर धरलं.

शेठजींनी ते चष्मा लावून नीट वाचलं आणि परत दिलं. "साहेब, आपण मोठे. पण चीज ज्याची त्याच्याच हातात."

मग स्वतः उठून आतल्या खोलीचं कुलूप काढलं. चावी पांढऱ्या कपड्यात गुंडाळून ठेवलेली, तेल लावलेली. माझ्या हातात देताना एवढंच म्हणाले, "नाना, आता रजा पावसाळ्यात घेत जा."

साडेअकरा वाजले होते.

*

चावी घेऊन गल्लीत आलो आणि माझ्या लक्षात आलं की सकाळी मी अक्कांच्या तोंडाकडे बघत होतो, पायाखाली बघितलंच नव्हतं. गणेश गल्लीत नवा काँक्रीटचा रस्ता झाला होता. सहा दिवसांचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा, सपाट, आणि माझा व्हॉल्व्ह त्याच्या खाली.

भिका मागून पुटपुटला, "मी म्हन्त, नाना उनात का देखी लेतीन." म्हणजे मी आलो की बघून घेईन, या भरवशावर तो गप्प राहिला होता.

वर कळस म्हणजे नव्या रस्त्यावर मातीचे बांध घालून पाणी भरलं होतं, काँक्रीट मुरायला. गल्लीतल्या माणसांना आठ दिवस थेंब नाही आणि रस्त्याला रोज दोन टँकर. ते पाणी दगडाच्या खदानीतलं, हिरवं. त्यात गहू धुवायचा तर न धुतलेला बरा. आमचा स्वतःचा एकच टँकर, तो टायर काढून विटांवर उभा.

ठेकेदाराचा मुकादम बांधावर छत्री घेऊन बसला होता. मी विचारलं, "बाबा, इथे एक लोखंडी झाकण होतं, दिसलं नाही का?"

"दिसलं ना," तो म्हणाला. "मधेच वर आलं होतं. चांगलं दाबून बसवलं."

*

साहेबांनी जुना नकाशा मागवला. कापडावर काढलेला, सुबक. त्यात गणेश गल्लीच्या जागी ज्वारीचं शेत होतं.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी खूण साधी होती. विजेच्या खांबापासून सात पावलं आणि तिथून अक्कांच्या ओट्याकडे तीन. मी खांबाला पाठ लावली, सात पावलं मोजली, ओट्याकडे वळलो. ओटा नव्हता. रस्ता रुंद करताना गल्लीतले सगळे ओटे कापले होते. तेवढ्यात एका पोराने सांगितलं, "नाना, खांबपण सरकवला."

मोजलेली सात पावलं तशीच सोडून मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो.

मुकादम उठून उभा राहिला. "फोडायचं नाही. परवा उद्घाटन आहे, पाहुणे येणार आहेत."

साहेब बाजूला जाऊन फोनवर कोणाशी तरी बराच वेळ बोलले. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता. "परवानगीला चार दिवस लागतील म्हणतात," ते म्हणाले. "मी माझ्या सहीवर एक खड्डा फोडायला सांगतो. एकच, नाना. दुसरा फोडला तर माझी नोकरी जाईल आणि तुमचीही."

मी एक लोखंडी सळई रस्त्याला टेकवून तिचं दुसरं टोक कानाला लावलं. बंद व्हॉल्व्हमागे पाणी दाबाने उभं असलं की कधी कधी बारीक सुसू ऐकू येतं. गल्लीतले रेडिओ बंद झाले. पोरं गप्प बसली. मी दहा ठिकाणी कान लावला. मला फक्त माझ्याच छातीतलं धडधडणं ऐकू येत होतं.

अडीच वाजले. अक्कांच्या दारातून भिजलेल्या गव्हाचा वास यायला लागला होता. मी साहेबांना खरं ते सांगून टाकलं. "साहेब, मला आठवत नाही."

बावीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो.

*

अक्का दारातून ऐकत होत्या. त्यांनी पदर खोचला.

"नाना, तुम्ही रस्तावर फिरा," त्या म्हणाल्या. "मी चुल्हाजोडे बसस."

कोणालाच काही कळलं नाही. त्या आत गेल्या, चुलीसमोर पाट घेतला आणि खिडकीतून बघत बसल्या. दर चार दिवसांनी सकाळी त्या तिथेच भाकरी करत असायच्या, आणि मी बाहेर वाकून झाकण उचलायचो. ओटा गेला, खांब सरकला, पण चूल आणि खिडकी जिथल्या तिथे होती.

"आजून पुढे," आतून आवाज आला. मी पुढे सरकलो.

"नही, मांगे या. आते वाका."

मी वाकलो.

"टोपी दिसी राहिनी. तुम्ही वाकनात का टोपी नही दिसस."

साहेब खिडकीशी उभे होते. ते एकदम म्हणाले, "नाना, रस्ता वीतभर वर आलाय. तेवढे जास्त वाका." मी गुडघे मोडून जास्त वाकलो. कंबर चांगलीच भरून आली होती. गल्लीतली सगळी माणसं बघत होती आणि मी रस्त्याच्या मधोमध ओणवा.

"जरासा डावीकडे... हां. आते निस्ती पाठ शे. तठेच."

भिकाने माझ्या दोन्ही पायांच्या मधे खडूने फुली मारली. साहेबांनी त्या फुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काँक्रीट फोडायला बोलावलेल्या ब्रेकरवाल्याकडे बघून मान हलवली.

पहिला थर उडाला, खडी. दुसरा थर, खडी. मुकादमाने मोबाइलवर शूटिंग सुरू केलं. मी डोळे मिटून घेतले. मग लोखंडावर लोखंड वाजलं.

चावी बसली. चौदा आटे. नळांमधून आधी नुसती हवा फुसफुसली, मग लाल पाणी, मग स्वच्छ. गल्लीभर बादल्या वाजायला लागल्या. अक्कांनी मात्र भांडं लावलं नाही. त्यांनी टिपातला एक दाणा उचलला, बोटात चुरला, नाकाशी नेला. आतला पांढरा चीक जिभेवर ठेवला. मी चावी धरून तिथेच उभा होतो.

"आंबना नही," त्या म्हणाल्या आणि शेजारणींना हाक मारली. "चला वं, वाटाले बसा."

संध्याकाळी साहेबांनी कोरी वही आणली आणि सगळे व्हॉल्व्ह लिहून काढायचे असं ठरवलं. पहिली नोंद त्यांनी स्वतःच्या अक्षरात केली. ती अजून ऑफिसात आहे, पुढच्या इंजिनियरांनी तिच्यावर सहीसुद्धा केली आहे.

"गणेश गल्ली, व्हॉल्व्ह एक. खूण : श्रीमती लताअक्का यांच्या चुलीसमोर पाटावर बसून खिडकीतून पाहिले असता नाना वाकलेले दिसतात, परंतु टोपी दिसत नाही, ती जागा."