चोई सरांनी माझ्यासाठी केलेलं घर

चोई सरांना खांदा द्यायला गावात माणसं पुरली नाहीत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेलं.

त्यांच्या मुलीचा मेसेज आज दुपारी आला. मी दुबईत अल कुसैसला सिग्नलवर होतो, मागे डिलिव्हरीचा बॉक्स. बाईक बाजूला घेतली आणि फुटपाथवर बसलो.

ऑर्डर थंड झाली. कस्टमर बोलला बरंच काही. असो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चोई सर म्हणजे इथल्या सिलिकॉन ओएसिसच्या बांधकाम साइटवरचे आमचे टाइल्सचे फोरमन. कोरियन. वय साठीच्या पुढे. गल्फमध्ये इतकी वर्षं काढलेली की ओरडायचे ते हिंदीत. मी त्यांचा हेल्पर, आठवी नापास.

"लाइन देखो, लाइन. आँख रूम पे छोड़ के आया क्या?"

जेवणाच्या सुट्टीत मात्र वेगळा माणूस. फोन काढून गाव दाखवायचे. डोंगरातलं गाव, खाली नदी. शाळा बंद, दवाखाना बंद, पोरं सगळी सोल शहरात. उरलेत ते म्हातारे, त्यातही म्हाताऱ्याच जास्त.

गाव परत वसवायचं म्हणून सरकारने भिंतींवर फुलं रंगवली, बंद शाळेत कॉफी शॉप काढलं. रविवारी लोक गाडीने येतात, फोटो काढतात, जातात.

"सोमवार को कौन?" सर विचारायचे, आणि स्वतःच सांगायचे, "सोमवार को कोई नहीं."

त्यांचा प्लॅन साधा होता. दर सुट्टीत गावी जायचं आणि एक पडीक घर राहण्यासारखं करायचं. छप्पर, खिडक्या, खालून गरम होणारी त्यांची ती जमीन. घर तयार झालं की माणूस येईल. माणूस आला की पोरं येतील, शाळा उघडेल, बस बंद होणार नाही.

असं त्यांना वाटायचं.

एकदा म्हणाले, तेरा गाँव दिखा. मी आमच्या वाडीचा व्हिडिओ दाखवला. संगमेश्वरच्या बाजूला आहे आमची वाडी. सगळी स्लॅबची घरं, रंग दिलेली, स्टीलची गेटं. सर खूश.

"बहुत अच्छा. चूल्हा कितने घर में जलता है?"

मी मोजलं. चार.

"बाकी?"

"लॉक है सर. कोई मुंबई, कोई दुबई, कोई कुवेत."

सर हसायला लागले. "तेरा गाँव मेरे गाँव से अमीर. मरेगा सेम सेम."

तेव्हाच सांगायला हवं होतं, की सर, घर तयार झालं म्हणून माणूस येत नाही. आमच्याकडे घरं तयारच आहेत. माझंही आहे. वर दोन खोल्या, गच्ची. आई एकटी खालच्या खोलीत झोपते, वर जात पण नाही.

पण नाही बोललो. माणूस एवढा आनंदात सांगत असतो, कशाला मोडता घालायचा.

मग त्यांनी मलाच धरलं. तू आ जा. शेतीचं काम मिळेल, कागदांचं मी बघतो, एक घर तुझ्यासाठी करतो, आईला पण घेऊन ये. टाइल्सच्या खोक्यावर मला त्यांची अक्षरं गिरवायला लावायचे.

रूममधला सुन्या चिडवायचा. "काय रे, कोरियाचा जावई? तिकडे तर सगळ्या आज्याच आहेत म्हणे."

मीही हसायचो. पण खोक्याचा पुठ्ठा फाडून रूमवर आणायचो आणि गिरवायचो. खोटं कशाला बोलू. शाळा सुटल्यावर पहिल्यांदा कोणी मला शिकवत होतं.

दहा-बारा अक्षरं आली. मग कंटाळा आला.

माझं असंच आहे. चार वर्षांत पाच कामं. एका जागी बूड टिकत नाही, आई म्हणते ते खरं आहे. बाईकचं काम मिळालं तशी साइट सोडली. सरांना सांगितलं नाही.

त्यांचे फोन आले. मी उचलले नाहीत.

रिटायर होऊन ते गावी गेले, तरी फोटो पाठवत राहिले. छप्पर झालं. खिडकी झाली. एकदा नुसता एक मोठा सपाट दगड, अंगणात ठेवलेला. खाली लिहिलेलं, तुझ्या आईला कपडे धुवायला.

आईला मशीनचं धुणं आवडत नाही हे मी कधीतरी बोललो असेन. मला आठवतही नव्हतं. त्यांनी नदीवरून दगड आणला होता. या वयात.

मी अंगठा पाठवला.

नुसता अंगठा.

गेल्या आठवड्यात ते दुसऱ्या एका घराच्या छपरावर काम करत होते. खाली उतरले, पायरीवर टेकले, ते उठलेच नाहीत.

मुलीने पुढे विचारलं होतं. ट्रान्सलेट करून वाचलं. ती सोलला असते, दोन दिवसांत परत जाणार.

"बाबांनी तुमच्यासाठी केलेल्या घराचं काय करू? शेजारच्या आज्या रोज विचारतात, इंडियाचा मुलगा कधी येणार. तुम्ही येणार नसाल तर मला जाण्याआधी पाणी बंद करून पाइप रिकामे करावे लागतील. इथे थंडीत फुटतात."

ज्या बायकांनी मला कधी पाहिलं नाही त्या माझी वाट बघतायत.

मी लिहिलं, नेक्स्ट इयर ट्राय करतो. खोडलं.

लिहिलं, इन्शाल्ला. तेही खोडलं.

सुन्याला फोन लावला. तो म्हणाला, "येतो म्हणून टाक ना. मयताच्या घरी कोणी तोंडावर नाही म्हणतं का?"

"मग ती पाणी चालू ठेवून जाईल."

फोन ठेवला.

शेवटी लिहिलं, मी येणार नाही. पाणी बंद करा.

तिचं लगेच आलं. ओके. थँक यू, स्पष्ट सांगितल्याबद्दल.

जे बापाला जिवंतपणी सांगायचं होतं ते आज पोरीला सांगितलं. त्याचेही तिने आभार मानले.

चोई सर, नमस्कार. आता माझी वाट बघू नका.