फ्लेक्सामागचं इंजिन

जालन्याच्या मालधक्क्यामागे वेड्या बाभळींत एक वाफेचं इंजिन वर्षानुवर्षं गंजत पडलं होतं. आमच्या गावात भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या कमी नाहीत. तेही कधीतरी तिकडेच गेलं असतं. मी तेव्हा शाळेत इतिहास शिकवत होते. आम्ही काही जणांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, आणि मी निवृत्त झाले त्या वर्षी क्रेननं ते एका बागेच्या तोंडाशी आणून ठेवलं. बघायला रस्ता थांबला होता. मला वाटलं, झालं एकदाचं.

फलकावरचा मजकूर मी लिहून दिला होता. कोळसा कुठे टाकत, पाणी कुठे भरत, मीटरगेजच्या काळात परतूरकडून गाड्या कशा येत. फलक लागला तेव्हा त्यावर पाहुण्यांची नावं ठळक होती आणि खाली एकच ओळ, ‘जुने रेल्वे इंजिन’. जुनं आहे हे कुणालाही दिसत होतं. मग चाकांना सोनेरी रंग दिला. मग भोवती जाळी उभी राहिली, आणि जाळीवर वाढदिवसांचे फ्लेक्स चढले.

त्याच सुमारास वाटूरहून माझी थोरली नणंद आली. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन डोळा नुकताच उघडला होता. इंजिन बघायचं हा एकच हट्ट. लहानपणी तिनं परतूरहून जालन्यापर्यंतचा प्रवास असल्याच गाडीनं केला होता.

ती जाळीच्या कडेनं चालत राहिली. हात जोडलेली, हसणारी माणसं ओळीनं लागत गेली.

“वैनी, इंजिन कुठंय? मी मघापासून ह्या माणसालाच बघून राह्यले.”

“त्याच्यामागं आहे, ताई.”

मी चौकीदाराला फ्लेक्स काढायला सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, माझी नोकरी जाईल.” दुसऱ्या दिवशी कचेरीत गेले. तिथले साहेब शांतपणे म्हणाले, बाग आमची, जाळी ठेकेदाराची, इंजिन रेल्वेचं, फ्लेक्स आमच्याकडे येत नाही. कुणाकडे येतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

घरी येऊन मी कात्री घेतली आणि ताईला रिक्षात बसवून पुन्हा बागेपाशी आणलं. भर दुपारी, लोकांसमोर, दोऱ्या कापल्या. फ्लेक्स खाली आला. ताई रिक्षातून उतरेपर्यंत मोटारसायकलवरून दोघं हजर झाले. मी भांडायच्या तयारीत होते. त्यांतल्या एकानं वाकून माझ्या पायांना हात लावला.

“बाई, ओळखलं न्हाई का? आठवीला तुमच्याच वर्गात होतो.”

“मग हे काय लावलंस?”

“साहेबांचा वाढदिवस आहे, बाई. दोनच दिवस.”

“दोन दिवसांनी दुसऱ्याचा असेल.”

“ते तर हायेच,” तो म्हणाला आणि फ्लेक्स पुन्हा बांधू लागला, या वेळी तारेनं. तो उद्धट असता तर मला बरं वाटलं असतं. तार पिळता पिळताच त्यानं सुचवलं, “मागून बघा की, बाई. नाल्याच्या बाजूला आम्ही काहीच लावत न्हाई. तिकडून कोण बघतंय?”

आम्ही मागे गेलो. तिथे खरंच काही नव्हतं. चिखल, नाल्याचा वास आणि जाळीपलीकडे इंजिन. या बाजूला रंगही पोचला नव्हता. लोखंड तसंच तांबूस होतं. ताईनं जाळीतून बोटं घालून चाकाला लावली.

“अण्णांनी कान दाखवायला जालन्याला आणल्तं मला,” ती म्हणाली. अण्णा म्हणजे माझे सासरे. “शिट्टी झाली की मी त्यांच्या धोतरात तोंड खुपसत होते. ते म्हणायचे, बघ तरी, ते आपल्यालाच नेतंय.”

मला त्या वासात उभं राहवत नव्हतं. डोकं अजून त्या तारेपाशीच अडकलं होतं. पक्कड आणायला हवी होती, एवढंच सुचत होतं. “चला ताई,” मी दोनदा म्हटलं.

“थांब गं,” ती म्हणाली, आणि डोळ्यावरचा काळा चष्मा काढून पुन्हा बघू लागली.