तानाईचे टाक

माझा नवरा माझ्याशी जन्मभर संसार करून गेला, त्याला हे ठाऊक नव्हतं. लेकींनाही नाही. प्रार्थनेला गुडघे टेकायची तेव्हासुद्धा मी या गोष्टीला वळसा घालून पुढं जायची – देवाला काय, दिसतंच असेल, मी कशाला सांगू? आता तुम्ही समोर बसलाय असं धरते आणि सांगते. मध्येच अडखळले तर अडखळू द्या.

मी नगरकडची. ख्रिस्ती धर्म आमच्या घरात आजोबांपासूनचा. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं मिळेल तो कागद वाचून शिकले. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा सोडला नाही. त्याचाच ताठा अंगात. एकोणिसाव्या वर्षी मला चाकणच्या बाजूला धाडलं, समुद्रापलीकडून आलेल्या एका मंडळीच्या कामावर. त्या मंडळीतली तरुण पोरंपोरी ऐन उमेदीतली दोनेक वर्षं देवाच्या कामाला द्यायची – परक्या मुलखात, घरचं खाऊन. नियम असा, की एकटं कुणी फिरायचं नाही, जोडीनं फिरायचं. माझी जोडीदारीण म्हणजे मिसबाई. गोरी, उंच, माझ्याहून थोडी मोठी. तिचं मराठी ‘पाणी पाहिजे’ आणि ‘देव चांगला आहे’ एवढ्यावर संपायचं. बाकीचं तिचं सगळं बोलणं माझ्या तोंडून.

तिकडं पिंपरीच्या माळावर औषधाच्या कारखान्याच्या भिंती उठत होत्या, वस्तीवरची माणसं दगडमाती वाहायला तिकडं जायची. आणि आम्ही दोघी भामा नदीच्या काठच्या वस्त्यांवर तारण वाटत हिंडायचो. वाटत – हाच शब्द. जणू आमच्याच पिशवीतलं होतं ते.

मला त्या माणसांची किळस होती. झालं, बोलले. शेळ्यांचा वास, पोरांची वाहती नाकं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे त्यांचं ते मान डोलावणं. काहीही सांगा, ‘व्हय व्हय’. मी मनात म्हणायची, यांना दगड दिला तरी शेंदूर फासतील, पुस्तक दिलं तरी शेंदूर फासतील. आमच्या मंडळीत चहा वर्ज्य होता. मिसबाई चहा नाकारायची ती देवासाठी. मी नाकारायची ती कपाच्या कडेकडं बघून. कुणी बाई विचारायची, “आमच्या हातचं चालत न्हाई व्हय, बाई?” मी म्हणायची, आमच्या धर्मात बसत नाही. माझ्या आजोबांना गावात वरून ओंजळीत पाणी ओतायचे. हे काय मला माहीत नव्हतं? माहीत होतं. तरीही.

आणि मिसबाईबद्दल तरी आदर होता म्हणता? तोही नव्हता. ती सगळ्यांवर विश्वास ठेवायची, त्याला मी बावळटपणा म्हणायची. पण तिनं ‘सिस्टर’ म्हणून खांद्यावर हात ठेवला की मला आभाळ ठेंगणं व्हायचं. जिला मी बावळट समजत होते तिच्याच कौतुकावर जगत होते – आता बोला.

एका वस्तीवर महादू नावाचा माणूस होता. कारखान्याच्या बांधकामावर जायचा. त्याची बायको ठकू, त्यांची एक तापानं फणफणलेली पोर, आणि महादूची आई तानाई. मिसबाईनं पोरीला गोळ्या दिल्या, रात्रंदिवस उशाशी बसली, पोर उठली. महादू म्हणाला, आमी तुमच्या देवाचं व्हनार. मिसबाईच्या डोळ्यांत पाणी. माझ्या डोळ्यांत हिशेब – आमच्या हातून झालेलं हे पहिलं घर होतं.

आता मंडळीचा नियम होता, की पाण्यात बाप्तिस्मा घेण्याआधी घरातले जुने देव घराबाहेर गेले पाहिजेत. त्यांच्या देव्हाऱ्यात टाक होते. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते – टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला देव, बोटाच्या दोन पेरांएवढा. एक खंडोबाचा, एक भवानीचा. आणि तिसरा, तानाईच्या नवऱ्याचा. घरचा कर्ता गेला की त्याचाही टाक करून देवांच्या ओळीत बसवायची त्यांची रीत. तानाई त्याला सणासुदीला चिंचेनं घासायची. इतकी वर्षं घासून घासून त्या बाप्याचं नाकडोळं गेलं होतं, पत्र्यावर नुसता एक उंचवटा उरला होता. म्हातारीलाही तेव्हा धड दिसत नव्हतं. ती अंगठा फिरवून ओळखायची, ह्यो आमचा.

म्हातारी देव द्यायला तयार होईना. शेवटी महादू चिडला तेव्हा तिनं तिन्ही टाक फडक्यात बांधून माझ्या हातात दिले. मिसबाईच्या नाही, माझ्या. म्हणाली, “तू आपल्यातली हायेस. इकू नको, टाकू नको. वाहत्या पान्यात सोड. माज्या हातनं व्हनार न्हाई.”

जुना झालेला, भंगलेला देव वाहत्या पाण्यात सोडतात, तसं. मी म्हणाले, सोडते. नदीपर्यंत गेलेही. काठावर गाठ सोडली, आणि चांदी उन्हात अशी लकाकली – मला वाटलं, मिसबाईला दाखवावेत. तेवढंच वाटलं. म्हातारी कुठं बघायला येणार होती?

मिसबाईला मी सांगितलं, म्हातारीनं तुम्हाला आठवण म्हणून दिलेत. ती रडली. मला मिठी मारली. रुमालात गुंडाळून तिनं टाक आपल्या ट्रंकेत ठेवले, मायदेशी गेल्यावर वडिलांना द्यायला. त्या मिठीसाठी मी ते दिले, दुसरं काही कारण नव्हतं.

बाप्तिस्मा झाला. पावसाळा सरत आला. भादव्यात पितरांचा पंधरवडा लागला, तशी एक दिवस तानाई चाकणला आमच्या खोलीच्या दारात. बरोबर ठकू, काखेत सूप धरून संकोचानं उभी. मिसबाई बाजारात गेली होती. म्हातारी म्हणाली, “बाई, तुमचा देव मोटा हाय, म्या न्हाई म्हनत न्हाई. पर ह्ये जेवायला येत्यात ह्या दिसात. घास कुनाम्होरं ठिवू? तेवढा ह्यांचा टाक घावतो का बघती. कुटं सोडलास, जागा दाव.”

आणि ट्रंक त्याच खोलीत होती. माझ्या पाठीमागं, खिडकीखाली. कुलूपसुद्धा नसायचं, मिसबाई कुलूप लावायची नाही. चार पावलं मागं जायचं, झाकण उघडायचं, रुमाल काढायचा. संध्याकाळी मिसबाईला सांगायचं, मी तुमच्याशी खोटं बोलले. बस्स, एवढंच करायचं होतं. तिनं क्षमाच केली असती, ती त्यातलीच. पण तिच्या डोळ्यांतून मी उतरले असते – आणि कुणापायी? एका अडाणी म्हातारीपायी, जी पत्र्याच्या तुकड्याला नवरा म्हणते. खरंच हेच शब्द माझ्या मनात आले.

मी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर नदीवर गेले.

पाणी उतरलं होतं, काठाची वाळू उघडी पडली होती. मी बोट दाखवलं – त्या खडकापाशी. का त्याच खडकापाशी? जवळ होता म्हणून. म्हातारीनं लुगडं खोचलं आणि सूप घेऊन गुडघाभर पाण्यात बसली. सूपभर वाळू घ्यायची, पाण्यात हलवायची, बोटांनी चाचपायची, टाकायची. पुन्हा सूप भरायचं. ठकू दुसऱ्या बाजूनं चाळत होती. काठावर धुणं धुणाऱ्या बायांनी गंमत सुरू केली. एक म्हणाली, “मास्तरीणबाई, तुमी देव बुडवायचा आन् तिनं काढायचा व्हय?” दुसरी म्हणाली, “म्हातारे, नवरा जित्ता हुता तवा येवढा हुडकला न्हाईस गं.” तानाई हसली. खरंच हसली, आणि म्हणाली, “तवा सोताच्या पायानं घरी येत हुता की गं.”

मी सावलीत उभी होते. सावली सरकली, मी सरकले. ऊन डोक्यावर आलं. मला भूक लागली, पायांत मुंग्या आल्या, आणि चीड यायला लागली – माझ्यावर नाही, तिच्यावर. किती वेळ हा मूर्खपणा? म्हातारीची बोटं पाण्यानं पांढरी पडली होती, सुरकुतली होती. नाही सापडला म्हणून उठेल की नाही ही बया?

तेवढ्यात तिच्या हाताला काही लागलं. वाळूतून काढलं, पदराला पुसलं, अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग माझ्यापुढं धरलं. “ह्योच का गं? तुज्या डोळ्यांनी बघ.”

तपकिरीच्या डबीचं झाकण होतं ते. कुणी काठावर फेकलेलं, पुरात चेपलेलं, गंजलेलं, मधोमध एक उंचवटा आलेला.

मी म्हणाले, “हो. हाच.”

आता तुम्ही म्हणाल, दया आली असेल. म्हातारीचं समाधान व्हावं म्हणून बोलली असेल. हेच मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगून पाहिलं. पण मला आठवतंय ना – मला घरी जायचं होतं. उन्हाचा कंटाळा आला होता. ‘हो’ म्हटलं की सुटका होती.

ठकूनं ते झाकण हातात घेतलं. तिची नजर चांगली होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. सगळं कळलं तिला, ट्रंक सोडून. मग सासूच्या हातात ते परत देत म्हणाली, “व्हय आत्या, ह्येच. चला, पाय सुकवा.” तीही खोटंच बोलली, पण तिच्या खोट्यात आणि माझ्या खोट्यात काय फरक होता ते मला तिथंच, त्या काठावर कळलं. कळून मी काय केलं? काही नाही. पुढच्या उन्हाळ्यात मिसबाई बोटीनं गेली, ट्रंक तिच्याबरोबर गेली. बंदरावर मी रुमाल हलवला. महादूच्या वस्तीवर मी नंतर कधी पाऊल टाकलं नाही, दुसऱ्या गावाला बदली मागून घेतली.

पण तो दिवस तिथं संपला नव्हता. झाकण पदराच्या टोकाला बांधून तानाई पाण्याबाहेर आली. थंडीनं तिची हनुवटी हलत होती. काठावर सगळ्या बायांच्या देखत ती वाकली, आणि ओल्या हातांनी तिनं माझे पाय धरले. मी मागं सरले नाही. धरू दिले.