भिंतीपलीकडचं सॉकेट

वजीरच्या पायावर मुंबईच्या गोदीत लोखंडी पेटी कोसळली आणि त्याचं दर्यावरचं आयुष्य तिथंच बुडालं. उरली ती बोटीच्या इंजिनघरात शिकलेली वायरिंगची कला. रत्नागिरीत तेव्हा वीज नवीनवी येत होती. खाडीकाठच्या राजिवड्यातून हा लंगडत निघे आणि परक्यांच्या घरी दिवे लावून परते. बायको हमिदा म्हणायची, "पाय गेला तो गेला. हात शाबूत आहेत ना?"

आज त्या हातांचाच निवाडा होता. गावात ज्यांचा शब्द चाले त्या आप्पांच्या स्वयंपाकघरातल्या सॉकेटच्या पितळी झाकणाला त्यांच्या सुनेचा, तुळसाचा, हात लागला आणि ती चुलीपाशी फेकली गेली. जीव वाचला, पण उजव्या हाताची मिटलेली बोटं उघडेनात. आप्पांनी वजीरला पडवीत उभं करून सांगितलं होतं: दुरुस्त कर आणि चूक कुणाची ते माझ्या तोंडावर सांग. तुझी निघाली तर या गावात एकाही घराची पायरी चढू देणार नाही. मग ते अंगणात आरामखुर्चीत जाऊन बसले.

एक गोष्ट मात्र वजीरला आणि त्या घरातल्या आणखी एकाच माणसाला ठाऊक होती. ते सॉकेट वजीरने बसवलंच नव्हतं. आप्पांच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात मुसलमानाचं पाऊल पडणार कसं? आप्पा तेव्हा दापोलीला गेलेले. वजीरने पडवीतून चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडून वायर आत सारली, आणि पलीकडे आप्पांची विधवा बहीण, गोदाआत्या, तो सांगेल तशा तारा जोडत गेली. भिंतीआडून दोघं हसलेही होते. "वजीरभाई, आता मला बोटीवर घेतील का हो?" तिने विचारलं होतं. आप्पा परतल्यावर त्याने ठोकून दिलं, पडवीतूनच सगळं जमवलं. विजेतलं ओ की ठो न कळणाऱ्या आप्पांना ते पटलं.

आज पुन्हा तसंच. मेनचा खटका पाडून, फ्यूज खिशात घालून तो भिंतीशी बसला. पेचकस खिडकीत ठेवला आणि सोवळ्यासाठी त्यावर पाणी शिंपडू नका म्हणून आत्याला बजावलं.

"झाकण निघालं," आत्या म्हणाली. "आत सगळं हिरवं झालंय. शेवाळासारखं."

वजीरने भोकात सळई घातली. पांढरा, ओलसर भुगा बाहेर आला. "हे काय भरलंय, आत्याबाई?"

पलीकडे पेचकस खाली ठेवल्याचा आवाज आला.

"चुना. गणपतीआधी भिंती रंगवल्या ना. भोकातून मुंग्या यायच्या, दह्यात पडायच्या. उरलेला चुना बोटाने दाबून बसवला मी."

"मीठ घातलेला?"

"मिठाशिवाय चुना अंगाला लागतो, वजीरभाई. सगळेच घालतात."

सगळेच घालतात. त्या मिठाच्या ओलीने वायरीचं कापड खाल्लं, रबर खाल्लं, तांबं गाठलं, आणि वीज झाकणापर्यंत चढली. आणि त्याने तरी काय केलं होतं? वायरीला ओल लागू नये म्हणून भोकात चिनी मातीची नळी घालायला हवी होती. जवळ नव्हती, म्हणून चालवून घेतलं.

"माझं नाव सांगाल?" आवाज आता भोकातूनच आला, अगदी जवळून.

आंजर्ल्याच्या सासरचं दार तिला केव्हाच बंद झालेलं. इथून निघाली तर कुठे जाईल? आणि तो? लंगड्या माणसाला बोटीवर कोण घेतो? वायर बाहेर ओढून तो हिरवी टोकं कापत राहिला, लख्ख तांबं दिसेपर्यंत. मग या खेपेला आणलेली नळी भोकात बसवली. वायर पुन्हा आत सारली आणि कुठली तार कुठे ते हलक्या आवाजात सांगितलं.

तेवढ्यात आप्पा पडवीत आले. "सापडलं?"

"सापडलं."

"चूक कुणाची?"

वजीरने तोंड उघडलं. तिचं नाव जिभेवर आलं होतं. ते गिळायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

"वजीरभाई," भिंत बोलली, चांगली खणखणीत, "हा दुसरा स्क्रू कुठल्या अंगाला फिरवू? गेल्या खेपेला डावीकडे फिरवला तर सैल झाला होता माझ्याकडून."

आप्पा भोकाकडे बघत राहिले. "गेल्या खेपेला?"

वजीरने डोळे मिटले. स्क्रू सैल राहून चालणार नव्हतं. "उजवीकडे, आत्याबाई. घट्ट बसेपर्यंत."

आप्पांनी पुढे हात केला. वजीरने फ्यूज त्यांच्या तळहातावर ठेवले, तसे त्यांनी ते अंगणातल्या विहिरीत फेकले. एका विधवेच्या हाती वीज देऊन घरात खोटं बोलणारा माणूस, असं त्यांनी गावभर सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पुढे वजीरला कुणी बोलावलं नाही.

गणपतीआधी भोकात भरलेल्या चुन्याचंही घरात कळलं आणि त्याचा जाब गोदाआत्याला दिवाळीच्या आत द्यावा लागला. वेळणेश्वराकडच्या कुणा लांबच्या चुलतभावाकडे तिला धाडायचं ठरलं. ती निघाली त्या दिवशी वजीर राजिवड्याच्या किनाऱ्यावर रिकाम्या हाताने बसला होता. पांढऱ्या लुगड्यातली एक बाई, काखेत गाठोडं, पाण्यात घोट्याएवढी उतरली, आणि खलाशांनी तिला हात धरून बोटीत घेतलं.