फेरी पूर्ण, सही माझी

“तुमच्या लोकांना चालायची सवय असते. तीन किलोमीटरचं एवढं काय?”

बस आगाराचे साहेब असं म्हणाले तेव्हा त्यांच्या खोलीत पाच-सहा जण होते. साहेबांनी आधी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली होती. आडनावापाशी नजर थांबली, मग हे वाक्य आलं. सगळे हसले. माझ्या गाडीचे ड्रायव्हर नानाही हसले. सकाळी त्यांनीच मला स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली होती.

माझा गुन्हा एवढाच होता की फेरीच्या कागदावर मी लिहिलं होतं, ‘फेरी अर्धवट. पुढे रस्ता नाही.’

“गाडी पाड्याला गेली असं लिहा,” साहेब म्हणाले.

“गेली नाही साहेब. केळीच्या बागेपासून फिरवली.”

“मी काय विचारलं? लिहा.”

न झालेली फेरी रद्द किलोमीटरमध्ये जाते. ते वाढले की साहेबांना वरून जाब विचारतात. म्हणून लिहा. नानांनी बाहेर आणून मला समजावलं, सगळेच असं लिहितात. “पोरी, लिख आनि मोकळी व्हय. बठ्ठा लिखतस.”

मी नवीन होते. नोकरी पक्की व्हायची होती. मी लिहिलं. ‘फेरी पूर्ण.’ खाली सही.

तो पाडा माझाच. सातपुड्याच्या पायथ्याशी, भिलाटीची, म्हणजे आम्हा भिल्लांच्या वस्तीची, चाळीसेक घरं. फाट्यापासून आत डांबरी सडक येते ती आबांच्या केळीच्या बागेपर्यंत. आबा म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांच्या फाटकाशी ट्रक फिरतील एवढी ऐसपैस जागा आहे, आणि तिथेच पाटी आहे. रस्ता पाड्यापर्यंत पूर्ण झाला, असं त्या पाटीवर लिहिलंय. पाटीच्या पुढे तीन किलोमीटर नुसती खडी, दोन नाले, मोरी कशावरच नाही. त्या सडकेसाठी आमच्या बाया कचेरीसमोर उन्हात बसल्या होत्या. माझी आईही होती. आबा तेव्हा आले, हात जोडले, म्हणाले, “माझ्या बहिणींनो, घरी जा. रस्ता माझ्यावर सोडा.” बाया घरी गेल्या. रस्ता आबांच्या फाटकापर्यंत आला.

मी कंडक्टर झाले तेव्हा भिलाटीत कुणी पेढे वाटले नाहीत, तेवढी ऐपत नाही. पण शेजारच्या जमनाअक्कानं माझ्या खाकी कपड्यावरून हात फिरवला. ती आईसोबत त्या उन्हात बसलेली. म्हणाली, “आते गाडी आपला दारमा ई.”

आणि दारात गाडी न्यायचा नेमका तोच मार्ग मला मिळाला.

रोज मी माझ्याच माणसांना पाड्याचं तिकीट फाडून द्यायचे आणि बागेपाशी बेल मारायचे. “उतरा बठ्ठा. गाडी आठेच फिरस.” दळणाची गोणी, मोहाच्या फुलांच्या टोपल्या, शाळेच्या पोरी, पाड्यातला लंगडा भाऊ. सगळे तिथंच उतरायचे. पहिले काही दिवस माझ्याकडे बघायचे. नंतर बघणं सोडलं. मला ते बरं वाटलं. खरंच सांगते, बरं वाटलं.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. सही करताना हात अडायचा थांबला.

एके दिवशी जमनाअक्का तालुक्याला जायला गाडीत चढली. नेहमी मागे बसणारी बाई माझ्या शेजारी येऊन बसली. पदरातून लिफाफा काढला. पाड्यानं परत अर्ज केला होता, उरलेल्या रस्त्यासाठी. त्याचं उत्तर आलं होतं.

“वाच वं माय. तुले वाचता येस.”

मी वाचलं. मोठ्यानं, कारण गाडीचा आवाज फार होता. ‘सदर मार्गावर प्रवासी बस पाड्यापर्यंत नियमित जात असल्याचे कागदपत्रांवरून दिसून येते. सबब रस्ता वाहतुकीस योग्य आहे. अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ मागे झेरॉक्स जोडलेल्या. फेरीचे कागद. पूर्ण, पूर्ण, पूर्ण. प्रत्येकाखाली एकच सही.

अक्काला अक्षर येत नाही. पण बोट तिनं बरोबर तिथंच ठेवलं.

“हाई सही कोनी शे?”

खोटं बोलता आलं असतं. तिला कुठे कळणार होतं.

“मनी शे, अक्का.”

तिनं लिफाफा घडी करून पदरात ठेवला. तालुक्याच्या स्टँडवर उतरताना पायरीवर थांबली. “तू तं आमनी व्हती ना?” एवढंच.

साहेब हसले तेव्हा मी रडले नव्हते. त्या दिवशी तिकिटाचं मशीन मांडीवर घेऊन रडले. साहेबांनी फसवलं, आबांनी फसवलं, हे मला कधीचं ठाऊक होतं. माझ्या पाड्याला माझ्या हातानं फसवलं, हे त्या दिवशी कळलं.

परतीला मी कागदावर लिहिलं, ‘फेरी अर्धवट. बागेपासून पुढे रस्ता नाही.’ नाना म्हणाले, “पोरी, असं नको करू. मनं रिटायर व्हवाले थोडंच उरेल शे.” मी खाली सही केली.

साहेबांनी कागद पाहिला. “खोडा.”

“नाही खोडणार.”

“मग आधीचे सगळे कागद? ते कुणी लिहिले? खोटे ठरले तर आधी नोकरी तुमची जाईल.”

“मीच लिहिले. खोटेच आहेत.”

या वेळी खोलीत कुणी हसलं नाही.

तेच मी कोऱ्या कागदावर लिहिलं, सही केली. एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली, एक पाड्याच्या ग्रामसभेत दिली. आठवड्यात मला चौकशीची नोटीस आली. मार्ग काढून घेतला. आणि रस्ता नाही हे आता कागदावर आलं म्हणून गाडी बागेपर्यंतही जाईना, फाट्यावरूनच फिरू लागली. फाट्यावर लंगडा भाऊ भेटला. “बागलगून तं येत व्हती गाडी. तू तेबी बंद करी टाकं.” मी मान खाली घातली. त्याचं खरं होतं. अक्का माझ्याशी अजून बोलत नाही.

नाना घरी येऊन सांगून गेले, चौकशीत म्हण, नवीन होते, चुकून लिहिलं गेलं. साहेब मिटवून घेतील.

चुकून एक दिवस लिहिलं जातं. मी सात महिने लिहिलं.

परवा चौकशी आहे. जबाब तयार आहे. खोटे कागद कुणी लिहिले, यात पहिलं नाव माझं आहे. कुणी लिहायला लावले, यात साहेबांचं. न झालेला रस्ता झाला म्हणून पाटी कुणी लावली, यात आबांचं. आणि रोज माझ्यासोबत गाडी बागेपासून कुणी फिरवली, तिथे नानांचं नाव लिहिताना माझा हात थांबला.

मग लिहिलं.